काचेच्या ग्लासांवर बुरशी: ग्लास फेकण्याआधी कपाट रिकामं करा

ग्लास फेकू नका. फेकून द्यावी लागण्याइतकी बुरशी लागलेली काच मी २९ वर्षांत पाहिली नाही. फेकावी लागली ती कपाटाची पाठ, खणात घातलेले कागद आणि झाकणांची रबरं.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. जुळे सोलापुरात घर, स्वयंपाकघरात भिंतीला लागून कपाट, त्याच्या वरच्या खणात सासूबाईंचा जुना काचेचा सेट वर्तमानपत्रात गुंडाळलेला. गौरी-गणपतीला पाहुणे येणार म्हणून काढला तर ग्लासांवर पांढुरके डाग, दोन बरण्यांच्या झाकणांत काळे ठिपके, कपाटाच्या पाठीला हिरवट-काळा थर आणि दार उघडलं की कुबट वास. साबणाने धुऊन परत ठेवलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आणि शेवटी विचारलंय, सोलापूरसारख्या कोरड्या गावात बुरशी येतेच कशी, आणि व्हिनेगर लावायचं की ब्लीच?

मी इथल्याच एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये असिस्टंट होते. काचेची भांडी आणि ती ठेवायची लाकडी कपाटं सांभाळणं हेच काम. निवृत्त झाले तरी लोकांच्या फडताळांत डोकं घालायची सवय सुटली नाही, तेव्हा जरा लांबलचक सांगते.

आधी ती बुरशीच आहे का ते बघा. माझ्याकडे "बुरशी आली" म्हणून आणलेल्या ग्लासांपैकी बऱ्याच ग्लासांवर बुरशी नसते, बोअरच्या पाण्याचा क्षार असतो. आपल्याकडचं पाणी जड. ग्लास न पुसता पालथा घातला की थेंब वाळतात आणि मागे पांढरी गोल कडी राहते. डागावर व्हिनेगरचा बोळा पाच-दहा मिनिटं ठेवा. विरघळला तर क्षार होता, विषय संपला. व्हिनेगर नसेल तर पाव लिटर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व चालतं.

व्हिनेगरनेही न गेलेला, धुतल्यावर ओला असताना दिसेनासा होणारा आणि वाळला की परत उगवणारा दुधी धूर असेल, तर तो काचेचाच आजार आहे. रोजच्या वापरातली काच वाळू, सोडा आणि चुना वितळवून करतात. दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिली की तिच्यातला सोडा पृष्ठभागावर येतो, ओलीत मिसळून त्याचा अल्कलीसारखा थर होतो आणि तोच थर पुढे काचेला खातो. लॅबमध्ये हे आम्ही दरवर्षी बघायचो. मायक्रोस्कोपच्या कव्हरस्लिपची न उघडलेली डबी पावसाळ्यानंतर काढली की पातळ काचा एकमेकींना अशा चिकटलेल्या असायच्या की सुट्या करताना निम्म्या फुटायच्या. थर ताजा असेल तर धुऊन निघतो, मुरलेला निघत नाही. तसा ग्लास दिसायला वाईट, वापरायला नाही. पाहुण्यांपुढे ठेवू नका, घरात पाणी प्यायला ठेवा.

खरी बुरशी दिसायला वेगळी असते. तिला केसाळपणा असतो, किंवा बारीक जाळं, किंवा ठिपके. ते ठिपके एका जागी दाटीने आणि कडेला विरळ होत जातात. खात्री करायची असेल तर काळ्या ठिपक्यावर कापसाच्या काडीने ब्लीचचा एक थेंब लावा. मिनिट-दोन मिनिटांत रंग फिका पडला तर बुरशी, नाही पडला तर काजळी-तेलाचा मळ. भिंतीवर दिसणाऱ्या पांढऱ्या लवेचं आणखी निराळं. ती पुष्कळदा खार असतो, विटांतून आणि प्लास्टरमधून फुटलेला. पाण्याचा हात लावला की विरघळतो. बुरशी विरघळत नाही, फासली जाते. खार दिसला तर मात्र खूश होऊ नका. भिंतीतून पाणी येतंय याची ती पावतीच आहे.

आता काचेवर बुरशी कशी? काचेत तिला खायला काहीच नाही. ती जगते काचेवर राहिलेल्या आपल्या उरल्यासुरल्यावर: बोटांचं तेल, सरबताची साखर, दुधाचा पातळ पापुद्रा, फोडणीच्या वाफेचा चिकट थर, त्याला चिकटलेली धूळ. तुमच्या बाबतीत त्यात वर्तमानपत्राची भर. कागद म्हणजे लाकडाचाच लगदा, बुरशीचं आवडतं खाणं, आणि हवेतली ओल शोषून काचेला लावून ठेवण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. ठेवणीच्या वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळायची आपली रीत घर बदलताना दोन दिवसांसाठी ठीक. वर्षभरासाठी तिच्यासारखी वाईट रीत नाही.

काच आणि कपाट यांत आधी आजारी पडतं ते कपाट. काचेला सगळ्यांत शेवटी लागतं. तुम्ही ग्लास धुतले आणि त्याच कपाटात परत ठेवले, म्हणून पंधरा दिवसांत पुन्हा तेच. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते घरातून कधीच जाणार नाहीत. तोडायची ती तिची ओल. हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत राहिली तर बुरशी सहसा वाढत नाही, ७०-८० च्या वर बरेच दिवस राहिली की धरते. आणि प्लाय किंवा कागद खरोखर भिजला असेल तर तिला एक-दोन दिवस पुरतात.

मग सोलापुरात ओल कुठून? पावसातून येते, नाही असं नाही. आपल्याकडे वर्षातला सर्वांत जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, आणि गौरी-गणपतीही त्याच सुमारास, त्यामुळे सेट काढायची वेळ आणि बुरशीची वेळ जुळून येते. २०२० च्या ऑक्टोबरात ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांची गोष्ट वेगळी. त्यांची खालची कपाटं वाचवण्यात अर्थच नव्हता. पण एरवी, माझ्या पाहण्यात, सोलापुरातल्या बुरशीचा माग काढत गेलं की आभाळाऐवजी आपलीच टाकी सापडते.

नळाला पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं, तेही अवेळी. म्हणून घराघरात जमिनीखालचा हौद, गच्चीवर टाकी, मोरीत पिंप, स्वयंपाकघरात हंडे-कळश्या. नळ आला की मोटर लावायची, आणि डोळा लागला की टाकी भरून वाहायची. हे वाहतं पाणी गच्चीवरून बाहेरच्या भिंतीवर ओघळतं. दर खेपेला अर्धा तास भिंत प्यायची, पुढच्या चार दिवसांत अर्धवट वाळायची, की परत पाणी. त्या भिंतीला आतून कपाट चिकटवलेलं असलं की संपलंच. तुमच्या कपाटामागची भिंत बाहेरून कुठल्या बाजूला येते? तिच्यावर हिरवा-काळा ओघळ आहे का? गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप नेमका कुठे सुटतो? माझा संशय तिथेच आहे, आणि हे बघायला पैसे पडत नाहीत.

दुसरा गुन्हेगार कूलर. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की आपण खिडक्या लावून घेतो आणि कूलर चालू करतो. कूलर गार करतो तोच मुळी हवेत पाणी भरून, तासाला काही लिटर. खिडकी उघडी असेल तर ही दमट हवा बाहेर जाते. बंद असेल तर कपाटात, गाद्यांत, चादरींच्या घड्यांत शिरते. ऐन उन्हाळ्यात, बाहेर पापड कडकडीत वाळत असताना, घरातल्या कपाटात बुरशी आलेली मी पाहिली आहे, आणि मालकीणबाईंना ते काही केल्या पटेना. कूलरसमोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवली आणि पुढच्या उन्हाळ्यात काही झालं नाही.

भिंतीतून ओल येते की हवेतून, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. कपाट रिकामं करून, मागे मोकळी भिंत दिसत असेल तर तिथे जाड प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या आतून, म्हणजे भिंतीकडून, थेंब दिसले तर भिंत ओली. बाहेरून दव दिसलं तर खोलीची हवा दमट. भिंत ओली असेल तर आधी प्लंबर, मग गवंडी, आणि मग सुतार. हा क्रम उलटा केलात तर नवीन कपाटही वर्षभरात तसंच होईल.

आता सफाई. आधी कपाट, मग काच.

सगळं सामान बाहेर काढा, कागद सरळ पिशवीत घालून गाठ मारून कचऱ्यात टाका. नाकाला मास्क, हातात रबरी मोजे. सुकी बुरशी झाडूने किंवा सुक्या फडक्याने झटकायची नाही. त्याने बीजाणू घरभर उडतात आणि दमेकऱ्याला तर लगेच त्रास होतो. घरात कोणाला दमा असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा अगदी लहान बाळ असेल, तर त्यांना तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत किंवा शेजारी बसवा. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसायचं, फडकं मळलं की बदलायचं. हिरवा-काळा थर एका दाराएवढ्या भागावर पसरला असेल तर स्वतः घासत बसू नका, ती पाठच काढायला लावा.

कपाट कशाचं आहे त्यावर पुढचं ठरतं. सनमायका लावलेला पृष्ठभाग साबणाने आणि मग व्हिनेगरने पुसला की झालं. प्रश्न असतो तो न झाकलेल्या कडांचा, स्क्रूच्या भोकांचा आणि पाठीचा. सुतार समोरून चकाचक सनमायका लावतो आणि भिंतीकडची बाजू उघडीच ठेवतो. ओल शिरते ती तिथूनच. प्लाय असेल, कठीण असेल, तर पुसून, उन्हात वाळवून, हलका पॉलिशपेपर मारून कडा आणि पाठ प्रायमर-रंगाने बंद करता येते. भुशाचं बोर्ड असेल आणि फुगून त्याच्या कडा पुऱ्यांसारख्या उमलल्या असतील, तर ते परत बसत नाही. बदलताना पाण्यात टिकणारा प्लाय मागा, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो. महाग पडतो. सगळ्या कपाटाला नाही, निदान सिंकखाली आणि पाठीला तरी तो वापरा, आणि पाठ भिंतीपासून दोन बोटं सुटी ठेवा.

उघड्या लाकडावर ब्लीच ओतू नका. रंग उडतो, बुरशी गेल्यासारखी दिसते, पण ब्लीचमधला क्लोरीन वरच संपतो आणि पाणी आत मुरतं, म्हणजे आपणच तिला पाणी घातलं. आणि खणांत कडप्पा असेल तर व्हिनेगर, लिंबू, आम्ल असं काहीही लावू नका. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, आम्लाने त्याची चकाकी जाऊन पांढुरके चट्टे पडतात आणि ते जात नाहीत. कडप्प्याला साबणाचं पाणी, आणि फारच झालं तर पाण्यात कालवलेला धुण्याचा सोडा पुरे.

जुन्या वाड्यांतली फडताळं आठवा. भिंतीतच कोनाडा, आत दरवर्षी दिवाळीआधी चुन्याचा हात. ताजा चुना इतका अल्कलीधर्मी असतो की त्यावर बुरशी धरत नाही. आजीला त्याचं रसायन माहीत नव्हतं, पण तिची बरण्यांची फडताळं आपल्या मॉड्युलर किचनपेक्षा कोरडी होती. तुमच्या कपाटामागची भिंत कोरडी झाल्यावर तिथे डिस्टेंपरऐवजी चुना मारायला सांगा. दिसणार कोणाला आहे?

आता ब्लीचबद्दल एक गोष्ट, आणि ही पुन्हा वाचा. प्रॅक्टिकलला क्लोरीन वायू तयार करायचा असला की आम्ही ब्लीचिंग पावडरवर ॲसिड टाकायचो, तेही फ्यूम हूडमध्ये, म्हणजे वायू बाहेर ओढून नेणाऱ्या बंदिस्त कपाटात, पंखा चालू करून. तुम्ही मोरीत ब्लीचबरोबर व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा संडास धुवायचं ॲसिड एकत्र केलंत तर तोच वायू हूडशिवाय तयार होतो. दोन्ही चांगलं म्हणून दोन्ही एकदम, असं करायचं नाही. एक वापरलं की भरपूर पाण्याने धुवायचं, आणि दुसरं दुसऱ्या दिवशी.

ग्लासांसाठी खरं तर ब्लीचची गरज क्वचितच लागते. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, मऊ घासणी, एवढ्याने बुरशी निघते. गार काचेवर एकदम उकळतं पाणी ओतू नका, जुनी काच तडकते. धुतल्यावर निम्मं पाणी आणि निम्मं व्हिनेगर यांत पंधरा मिनिटं ठेवलं की क्षारही जातो. मनाचं समाधान होत नसेल तर दुसऱ्या दिवशी ४ लिटर पाण्यात १५ मिली साधं, वास नसलेलं ब्लीच घालून त्यात दोन-तीन मिनिटं बुडवा, मग धुवा. सोनेरी काठाचे ग्लास यातून वगळा. माझ्या लग्नातल्या सहा ग्लासांचा सोनेरी काठ मी स्वतः ब्लीचमध्ये रात्रभर ठेवून घालवला आहे, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये नोकरीला असताना. घरी कोणाला सांगितलं नव्हतं, आज इथे सांगते.

झाकणांच्या काळ्या ठिपक्यांचं अवघड असतं. रबराची किंवा सिलिकॉनची रिंग सुरीच्या पाठीने उचलून बाहेर काढा. बुरशी वर दिसते त्याच्या चौपट खाली असते. औषधाच्या दुकानात मिळणारं ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, घासा, धुवा. काळेपणा रबरात मुरला असेल तर रिंग बदला. बुचाचं झाकण असेल तर ते टाकूनच द्या.

आणि बरणीत शेंगदाणे किंवा शेंगाचटणी असेल आणि त्यावर बुरशी असेल, तर सगळं टाका. वरचं काढून खालचं परतून घेऊ, असं म्हणू नका. सोलापूरकरांना हे सांगायला जड जातं, पण सांगते. शेंगदाण्यावरची पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते, ते यकृताला घातक असतं आणि घरगुती भाजण्याने पूर्ण जात नाही. बरणी मात्र धुऊन वापरा.

धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं. ग्लास पालथा घालून पाणी निथळू द्या, पण अर्ध्या तासाने सरळ करा. ओला ग्लास सपाट मॅटवर पालथाच राहिला की आतली दमट हवा आतच कोंडते, आणि तुमचे डाग नेमके काठाशी असतील तर कारण हेच. पुसायला आपल्या गावचा टॉवेल घ्या, पण नवा कोरा नको. नव्या टेरी टॉवेलची लव काचेला चिकटते. पाच-सात धुण्यांतून गेलेला, मऊ पडलेला जुना टॉवेल सगळ्यांत उत्तम. मग तासभर उन्हात. ऊन ही आपल्याकडची फुकटची सोय आहे.

तशीच दुसरी फुकटची सोय म्हणजे दुपार. पाऊस संपला की सोलापूरची दुपारची हवा चांगली कोरडी असते. ऑक्टोबरपासून आठवड्यातून दोनदा दुपारी बारा ते चार कपाटाची दारं सताड उघडी टाका. पावसाळी संध्याकाळी मात्र बंद ठेवा. दारांच्या खाली-वर बोटभर जाळी बसवून घेतली तर एवढंही करावं लागणार नाही.

सिलिका जेलच्या पुड्या छोट्या बंद डब्यात उपयोगाच्या. सारखं उघडणाऱ्या कपाटात त्या दोन दिवसांत भरून जातात. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवल्या तर परत चालतात, पण त्यासाठी दाणे सुटे काढा, प्लॅस्टिकची पुडी तापवू नका. निळे दाणे लॅबसाठी असतात, त्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकघरात नकोत. पाणी जमा होणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त ओढतात, फक्त सांडू देऊ नका, ते पाणी लाकडाला आणि बिजागऱ्यांना खातं. कापराने कुबट वास झाकला जातो, बुरशी मरत नाही. डांबरगोळ्या तर खाण्यापिण्याच्या भांड्यांजवळ अजिबात नकोत.

कपाट धुतल्यावर निदान आठवडाभर रिकामं राहू द्या. चारशे-पाचशे रुपयांत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर मिळतं, ते आत ठेवून दार लावा आणि सकाळी आकडा बघा. लागोपाठ तीन-चार सकाळी ६० च्या खाली असेल तर सेट परत ठेवा, कागदाशिवाय, ग्लास सरळ, आणि पाठीला टेकू न देता. आकडा वरच राहिला, तर नळ येईल त्या रात्री गच्चीवर एक चक्कर मारा आणि टाकी कुठून वाहते ते बघून मला कळवा.